नावाडीण आणि कोल्हा

शरणम्माच्या माडीवर दरसाल नवी पोरगी राहायला यायची. लातूरला डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेची शिकवणी करायची, निकाल लागला की जायची. नायगावची देविका तेवढी वेगळी निघाली. जेवताना ती मोबाईलवर जपानी ॲनिमे, म्हणजे कार्टूनची मालिका, लावायची आणि शरणम्मा वाढता वाढता तिथंच बसून राहायची.

गोष्ट होती एका म्हाताऱ्या नावाडिणीची आणि तिच्या नावेतून फिरणाऱ्या बोलक्या कोल्ह्याची. चित्रातली माणसं हिंदीत बोलायची, म्हणून शरणम्माला सगळं कळे.

"मावशी, ह्याचं मूळ मांगा, म्हंजी चित्रांचं पुस्तक, लई जुनं हाय," देविका सांगायची, "माझ्या आजोबांच्या काळातलं. आता नव्यानं काढलंय." ती जुनी काळी-पांढरी पानंही दाखवायची. शरणम्मा चष्मा पुसून दोन्ही ताडून बघायची. "नव्यात म्हातारीचं नाक उगंच नाजूक केलंय," असं ती म्हणाली की दोघींची जुंपायची.

एका भागात भूकंप झाला. त्र्याण्णवच्या भूकंपात मावशीचं घर गेलं, नवरा गुरुबसप्पाही गेला, हे देविकाला ठाऊक होतं. तिनं झटकन बोट पुढं केलं. "ढकलू का पुढं?"

"राहू दे."

पडक्या भिंतीपाशी बायका तीन दगड मांडून भात शिजवत होत्या. "हाव, असंच असतंय," शरणम्मा म्हणाली. "आधी चूल लावावी लागती. रडणं मागून येतंय." इतक्या वर्षांत ती कुणाजवळ एवढंही बोलली नव्हती.

देविकाला नांदेडच्या मेडिकलला प्रवेश मिळाला. माडीवर दुसरी पोरगी आली. ती ताट वरच घेऊन जाई.

पुढं ॲनिमेचा नवा भाग आला, पण जपानीत, खाली इंग्रजी अक्षरं. देविकानं जाताना तिच्या मोबाईलवर लावून दिलं होतं, त्यावर शरणम्मानं तो तसाच पाहिला. कोल्हा नावेतून उतरला, मागं वळून बराच वेळ बोलला आणि म्हातारीनं वल्हं खाली ठेवलं. काय बोलला असेल? माडीवरच्या पोरीला विचारलं, तर "उद्या टेस्ट हाय, आजी." देविकाला फोन केला, तर "संध्याकाळी करते, मावशी." ती संध्याकाळ काही आली नाही.

शेवटी एका रविवारी शेंगदाण्याची चटणी बांधून घेऊन शरणम्मा नांदेडच्या एसटीत बसली.

होस्टेलच्या फाटकाशी देविकानं तिला मिठीच मारली. "अशा अचानक कशा आलात?"

"कोल्हा काय म्हणला, तेवढं सांग."

देविका हसली. "मीच पाहिलं न्हाई अजून. येळच न्हाई, मावशी. दाखवा इकडं."

बाकावर बसून ती वाचून सांगू लागली. "कोल्हा म्हणतोय, तू मला पैलतीरी सोडायला निघालीस, पण मी…" आवाज झोपेनं जड झाला, मान शरणम्माच्या खांद्यावर कलली. पोरीनं रात्र अभ्यासात काढली असणार. शरणम्मानं मोबाईल बंद केला. खांद्याला मुंग्या आल्या, तरी ती हलली नाही.

देविका दचकून उठली ती घड्याळ बघतच. "अग्गो! मावशी, माझी तोंडी परीक्षा उद्या. पुढल्या टायमाला नक्की सांगते."

"जा पोरी, जा. चटणी घेऊन जा."

परतीच्या एसटीत शेजारच्या बाईला तिनं विचारून पाहिलं, "तुम्ही ती नावाडिणीची गोष्ट बघता का हो?"

"कोणत्या चॅनलवर लागती?" बाईनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पोराला पाणी पाजू लागली.

अहमदपूर गेलं, चाकूर गेलं. 'पण मी' च्या पुढं काय असेल, ते शरणम्मा मनात जुळवत राहिली. एकही वाक्य नीट बसेना. घरी आल्यावर तिनं माडीवर ताट पोचवलं आणि खाली आपलं वाढून घेतलं.