पातेल्यातला कप्तान

लढाईत दिग्दर्शक पायदळातला साधा शिपाई होता आणि त्याचा जिवलग म्हणजे काडी. काडी इतका बारीक, की गोळीला नेम धरायला सापडत नसे. एका सकाळी मात्र सापडला, आणि कप्तानसाहेबांनी वर कळवलं, "पळून जाताना मेला." साहेब स्वतः त्या वेळी कुठे होते, ते दिग्दर्शकाने डोळ्यांनी पाहिलं होतं, पण शिपायाचं ऐकतो कोण?

म्हणून पुढे कित्येक वर्षांनी त्याने त्याच लढाईवर सिनेमा काढला आणि कप्तानाच्या भूमिकेला खुद्द साहेबांनाच बोलावलं.

"तुमचा रुबाब नटाला कुठून येणार, साहेब?"

"तेही खरंच म्हणा," म्हणत साहेब आले. आधी पोट आलं, मग मिशा, मग साहेब.

खंदक, तंबू, मागची स्वयंपाकाची जागा, सगळं होतं तसं उभं केलं होतं. शिपायांच्या जेवणाचं अवाढव्य पातेलंसुद्धा. साहेबांनी पिस्तूल उगारून धावायचं, मग स्फोट, असं ठरलेलं. दिग्दर्शकाने गुपचूप दोन बदल केले. स्फोट आधी उडवला, आणि कॅमेरा पातेल्याकडे वळवून ठेवला.

धडाम! असला आवाज, की पलीकडच्या गावात कोंबड्यांनी उकडलेली अंडी घातली. धूर विरला तेव्हा खंदकात साहेब नव्हते. त्यांच्या पायांना जुनी वाट पाठ होती. पातेल्याचं झाकण तेवढं थरथरत होतं.

दिग्दर्शक सावकाश चालत गेला. इतकी वर्षं जपलेला घास कोण घाईने गिळतो? त्याने झाकण उचललं.

"त्या दिवशीही इथेच होतात ना, साहेब?"

"गाढवा, हात दे! पोट अडकलंय!"

"देतो की. आधी हिला उत्तर द्या."

काडीची बहीण पुढे झाली. सिनेमाचे सगळे गणवेश तिनेच शिवले होते. पळपुट्याची बहीण म्हणून गल्लीने तिला जन्मभर टोचलं होतं.

"माझा दादा कुठे होता?"

साहेबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. पळायला जागाच नव्हती.

"पुढे," ते पुटपुटले. "एकटाच पुढे गेला होता. मी... मी खोटं कळवलं."

ध्वनिमुद्रकाने लांबून अंगठा वर केला. शब्दन् शब्द टिपला गेला होता.

"अरेरे, साहेब," दिग्दर्शक झाकण परत ठेवत म्हणाला, "आवाज नीट आला नाही. पुन्हा घेऊ या."

"घ्या की," बहीण म्हणाली आणि झाकणावर ऐसपैस बसली.