फळ्यावरची शेवटची ओळ

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण शाळेतला नव्हे. मुरुम शहराजवळच्या एका गावात, शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या विकास सोसायटीच्या भिंतीवर मी अठ्ठावीस वर्षे टांगलेला आहे. कविता आणि गणिते माझ्या वाट्याला आली नाहीत. त्यामुळे माझी हकिकत तुम्हाला आवडेल की नाही, याची मला शंकाच वाटते. तरी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही.

मुरुमच्या सुताराने मला सागवानी चौकट बसवली. पाशामियाँ पेंटरांनी काळा रंग चढवला आणि कपाळावर 'शेतकरी बंधूंसाठी' असे लिहिले. मग पीक कर्जाच्या तारखा आल्या, बांधबंदिस्ती, ठिबक, शेततळे अशा योजना आल्या. माझ्यासमोर गर्दी व्हायची. पुढचा माणूस मागच्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा. पुढे सगळ्यांच्या हातात मोबाईल आले, सूचना तिकडे जाऊ लागल्या आणि माझ्या खिळ्याला कुणीतरी सायकलची फाटकी ट्यूब अडकवून ठेवली.

सोनाली मॅडम गावाच्या कृषी सहायक म्हणून आल्या, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा ती ट्यूब काढली. मोबाईलवर पाठवलेली प्रत्येक सूचना त्या खडूने माझ्यावरही लिहीत.

"मॅडम, शाळा चुकून सोसायटीत आलाव काय?" श्रीमंतकाकांनी विचारले. काकांची टिंगल गावात प्रसिद्ध.

"मोबाईलवरचं वर सरकत जातं, काका. इथलं पुसल्याशिवाय जात नाही," त्या म्हणाल्या. त्या दिवशी मला माझ्या काळ्या रंगाचा अभिमान वाटला.

त्याच वर्षी शेततळ्याच्या सरकारी अनुदानाच्या सोडतीत गावातली दोन नावे निघाली : श्रीमंतकाका आणि धुरपदाबाई. धुरपदाबाईंची विहीर फेब्रुवारीतच आटायची. दोन एकर सीताफळाची बाग त्यांनी दोन उन्हाळे टँकरने जगवली होती. तिसरा उन्हाळा तसा काढणे त्यांना शक्य नव्हते. तळे झाले तरच बाग राहणार होती, आणि अनुदानाशिवाय तळे होणार नव्हते.

आमच्याकडे जमिनीचे काम आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला सुरू करतात. मुहूर्ताची कुदळ त्या दिवशी पडली की बरकत येते, असे सगळे मानतात. मुजीबचे खोदाईचे यंत्र सकाळी श्रीमंतकाकांच्या आणि दुपारी धुरपदाबाईंच्या शेतात जाणार होते.

आखितीच्या दुपारी धुरपदाबाईंचा मुलगा शिवराज नारळ आणायला गेला, तेवढ्यात त्या माझ्यासमोर टेकल्या. प्रौढांच्या वर्गात त्या साठाव्या वर्षी वाचायला शिकल्या होत्या. शेततळ्याची सूचना एकेक अक्षर लावत वाचत त्या तळाशी आल्या. तिथे लिहिले होते : 'पूर्वसंमती मिळण्याआधी काम सुरू केल्यास अनुदान मिळणार नाही.' त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. 'आधी' या शब्दावर बोट ठेवले, तेव्हा बोटाला खडू लागला.

शिवराज आला. मोबाईलवर त्याने फक्त नावांची यादी पाहिली होती.

"माय, मुहूर्त टळला तर वरीस जातंय. निवड झालीय की."

"निवड झालीय, संमती आली न्हाय. नारळ फोड, पर कुदळ लावू नगंस."

सकाळी मुहूर्त साधून आलेले श्रीमंतकाका हसले. "फळा वाचून शेती करताव व्हय, धुरपदाबाई?"

"व्हय. मग वाचाया शिकले कशाला?"

शिवराज रागावला होता, पण त्याने मुजीबचे यंत्र परत पाठवले.

तीन आठवड्यांनी सोनाली मॅडम पाहणीला गेल्या. धुरपदाबाईंच्या न उकरलेल्या रानाचा फोटो त्यांनी कृषी कार्यालयात पाठवला, संमती आली आणि पावसाआधी तळे खोदून झाले. अस्तराच्या प्लास्टिकसाठी सोसायटीने कर्ज दिले. श्रीमंतकाकांचा खड्डा मात्र आधीच खोदलेला दिसला आणि त्यांचा अर्ज बाद झाला. मॅडमना वाईट वाटले, पण नियमापुढे त्यांचा इलाज नव्हता.

यंदा सीताफळाच्या बागेला टँकर लागला नाही. मी ती बाग पाहिलेली नाही; भिंतीवरचा फळा कुठे जाणार? पण तिच्यात माझी एक ओळ आहे, असे मला वाटते. हा गर्व असेल तर माफ करा.

श्रीमंतकाका पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करणार आहेत. हल्ली ते माझ्यासमोर उभे राहतात आणि तळापासून वर वाचत जातात.

मित्रांनो, तुमच्या गावात असा फळा असेल तर त्यावर रेघोट्या मारू नका. घरातल्या मोठ्यांना तो तळापर्यंत वाचून दाखवा. माझा रंग खालच्या कडेला उडाला आहे आणि तिथे खडू नीट उमटत नाही. पावसाळ्यापूर्वी रंगाचा एक हात मिळाला, तर शेवटची ओळ मला अजून बरीच वर्षे धरून ठेवता येईल.