सात नंबरचा खोकला

मी झडप बोलतेय. तुरुंगातल्या सात नंबरच्या कोठडीच्या दारात, डोळ्यांच्या उंचीवर बसवलेली तळहाताएवढी लोखंडी झडप. माझं एक तोंड आत, एक बाहेर. कुलूप उगाच भाव खातं, पण आतला माणूस बघायचा तर मलाच उचलावं लागतं.

नवी होते तेव्हा माझी बिजागरी अलगद फिरायची. आता गंज चढलाय. तेल घालायचं कुणाच्या लक्षातच येत नाही.

इथला नियम साधा आहे. दिवसातून चार वेळा गिनती. शिपायाने मला उचलायचं, आतला माणूस हललेला डोळ्यांनी बघायचा आणि मगच दाराशेजारच्या पाटीवर खडूने खूण करायची. नुसता आवाज ऐकून चालत नाही.

आमचे शिपाईकाका तीस वर्षं हा नियम पाळत आले. मग सातमध्ये शिंपी आला. त्याला जुनाट खोकला. काका चाव्यांचा जुडगा दारावर आपटायचे, आतून तो खोकायचा. दोन आखूड, एक लांब. की झाली खूण.

"शिंप्या, जिवंत आहेस ना रे?"

"मरायला सुट्टी कुठं देता, काका?"

दोघं हसायचे. तुरुंगाच्या शिवणखोलीत त्याने काकांच्या गणवेशाचं बटण लावून दिलं होतं. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटायचं, तेवढाच बिजागरीला आराम. वर्षभर तोच खोकला ऐकत राहिले. तो माझ्यात मुरतोय हे मला कुठे ठाऊक होतं?

त्या दुपारी शिंपी छातीला हात लावून खाली बसला, मग आडवा झाला. त्याने दाराकडे हात उचलला. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. बाहेरून काका येताना दिसले. मला हायसं वाटलं. जुडगा आपटला, दार हादरलं आणि माझी बिजागरी करकरली.

दोन आखूड, एक लांब.

"हं, आहे," काका म्हणाले आणि खूण करून पुढे गेले. शिंप्याचा हात मात्र बराच वेळ वर होता.

दोन तासांनी चहा वाटताना दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, "दुपारीच आणला असता तर वाचला असता." चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "झडप उचलली होती?"

"उचलली होती, साहेब. तो हलला होता."

काकांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. साहेबांनी लिहून घेतलं, विषय मिटला.

कोठडी रिकामीच आहे. तरी काका प्रत्येक गिनतीला येतात, जुडगा आपटतात, आवाज ऐकतात, मला उचलून आत बघत उभे राहतात. रिकाम्या कोठडीची खूण करतात. काल त्यांच्याबरोबरची शिपाईण म्हणाली, "काका, सातमध्ये कुणी नाही. किती वेळा सांगू?"

"आहे गं. ऐक ना, खोकतोय."

तिनेही ऐकलं. तिच्या हातातला खडू खाली पडला. मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. काल जुडगा दाराला लागायच्या आधीच मी खोकले होते. वाराही नव्हता.

आज काकांचा शेवटचा दिवस. जाताना त्यांनी माझ्यावर कपाळ टेकवलं. "मी बघितलं नव्हतं रे," ते हळूच म्हणाले. मला उत्तर द्यायचं नव्हतं. पण माझ्याकडे एकच आवाज आहे, आणि तो आला.

उद्या सातमध्ये नवा माणूस येणार आहे. फारसा बोलत नाही म्हणे. माझं एवढं ऐका, बिजागरीत दोन थेंब तेल सोडा. आणि तेल घालूनही आतून खोकला आला, तर खूण करू नका. आधी मला उचला.