माती खाणारे मासे

भावकीतल्या माणसापुढं तोंड उघडायची छाती नाही, म्हणून माझा लेक माशांना माती चारायला लागला. सासऱ्यांनी हौसेनं नाव ठेवलेलं उदयसिंह. सिंह कसला, नाथाजी दिसला की शेपूट घालणारा.

नाथाजी माझा चुलत दीर. आमच्या मळ्याच्या वरच्या अंगाला त्याची द्राक्षबाग. आमचा ऊस बाहेर काढायची वाट त्याच्या बांधावरनं जाते, आणि त्या वाटेनंच उदयच्या जिभेला गाठ मारलेली. यंदा छाटणीनंतर आभाळ फाकलंच नाही. धुकं, भुरभूर, परत धुकं. बागेवर दावण्या रोग पडायच्या भीतीनं नाथाजी औषध मारायचा आणि ते पावसाच्या पाण्याबरोबर उतरून आमच्या शेततळ्यात यायचं. पहिल्या झटक्याला निम्मे रोहू-कटला पोट वर करून तरंगले. नाथाजी काठावर येऊन बघून गेला. पुढं बरेच दिवस त्याचा फवारणीचा ब्लोअर गपगार.

मी उदयला म्हटलं, त्यानं मान खाली घातलीय तोवर बोलून घे. तो बोलायचं सोडून सांगलीला गेला आणि पिवळसर मातीची पोती घेऊन आला. पेंड-कोंड्यात ही माती मळून घातली की माशाच्या पोटातलं विष धरते आणि घाणीबरोबर बाहेर काढते, असं त्याला कुणा माशांच्या डॉक्टरनं सांगितलेलं. मला हसू आलं. पण खोटं कशाला बोलू, मासे मरायचे थांबले.

घात झाला तो तिथंच. मासे मरत नाहीत बघून नाथाजीची मान वर आली. माझ्याच ओट्यावर चहा पिऊन मलाच ऐकवून गेला, "बघा वैनी, माझ्या औषधानं काय हुतंय का? उगं माझ्यावर खापर फोडत हुता." मग काय, ब्लोअर दोन्ही वेळा घुमायला लागला.

तळ्यात मासे उड्या मारत होते, पण काठावर बेडूक ओरडंना. बगळा यायचा, घिरटी घालून न टेकताच जायचा. माझ्या मनात पाल चुकचुकली. तळ्याच्या खालतीच आमची विहीर, तळ्याचा पाझर तिच्यात. मळ्यात नळ नाही, प्यायला तेच पाणी. आणि सून संयोगिता पोटुशी.

आमचे सासरे नव्या विहिरीत आधी मासा सोडायचे. तो खेळला तरच घागर बुडवायची. मी शाळेची पायरी जेमतेम चढलेली, पण हे विसरले नव्हते. उदयनं तळ्यात सोडायला बोटाएवढी पिल्लं आणली, त्यातली ओंजळभर मी दारातल्या दगडी डोणीत टाकली. पाणी विहिरीचं, खायला भाकरीचा चुरा. माती नाही. आईला म्हातारचळ लागला, असं उदय बायकोला म्हणाला. म्हणू दे.

पिल्लं मजेत खेळली. मग परवा नाथाजीनं बाग फवारली आणि मागोमाग पाऊस कोसळला. काल सकाळी संयोगितानं डोणीत ताजं पाणी ओतलं. ना रंग बदललेला, ना वास. दुपारी सगळी पिल्लं आडवी. तिकडं तळ्यातले मासे झकास.

संयोगिता भरला हंडा उंबऱ्यातच ठेवून उभी राहिली.  हात पोटावर गेला.

उदय जेवायला बसला तेव्हा मी भाकरीच्या जागी मेलेली पिल्लं वाढली आणि शेजारी विहिरीच्या पाण्याचा तांब्या ठेवला. त्यानं ताट बाजूला सारलं.

"नाथाजीतात्यांला बोललो तर वाट अडवतील, आई. ऊस फडातच वाळंल."

"वाळू दे. उदय, तू मासं राखलंस आणि विहीर घालवलीस. मेलेला मासा नाथाजीला गप करत हुता, तू त्योबी जिता केलास. आता ह्यो तांब्या एक तर तू पी, न्हाईतर त्याच्या दारात न्हेऊन त्याला पी म्हण. माझ्या सुनंच्या तोंडाला ह्यो लागायचा न्हाई."