गुलाबरावांनी दाबलेलं बोट

देऊळघाटातली आमची सभा कोण्या मिशनवाल्यानं उभी केली नाही. मी केली. माझ्या बैठकीत लोकांना बसवलं, सासर-माहेर दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या, आणि दर रविवारी उभं राहून साक्ष दिली, की मला कोणी ओढून आणलं नाही, मी माझ्या पायानं येशूकडे आले. शाळा मी फार पाहिली नाही, बायबल अक्षरं जोडत वाचते. पण ही साक्ष कोणाकडून उसनी घेतलेली नव्हती.

आमचे हे, गुलाबराव, कधी आत आले नाहीत. सभा चालू असली की ओसरीवर तंबाखू मळत बसायचे, गाणं आवडलं तर मान हलवायचे, आणि वर्षातून एकदा देऊळगाव राजाला बालाजीच्या जत्रेला जायचे. मी बाप्तिस्म्याचं काढलं की म्हणायचे, तुह्या देवाशी माहं भांडण नाही, पण मले भिजवू नको.

गेल्या वर्षी ते गेले. शेवटी बोलणं बंद पडलं होतं. मी कानाशी वाकून विचारलं, येशूला हो म्हणता का, म्हणत असाल तर माझं बोट दाबा. त्यांनी दाबलं. हे मी एकट्या रवीला सांगितलं, माझ्या थोरल्याला. विमलबाई माझी शेजारीण, तिच्यापाशी माझं सगळं असतं, तिलाही नाही सांगितलं.

रवी तेव्हा बाहेरगावी बायबल शाळेत होता, मातीपुरता आला होता. पाळक होऊन आला तशी सभा मी त्याच्या हाती दिली. तो नवंच शिकून आला होता. माणूस देवाला निवडत नाही म्हणे, देव माणसाला निवडतो, तेही जग घडवण्याआधी. ज्याला निवडलं तो येणारच, बाकीचे येत नाहीत. मी म्हटलं, मग मी काय दावणीचं ढोर होते? तो हसला. मीही हसले. शिकलेलं पोर, बोलू दे म्हटलं.

वर्ष झालं म्हणून यांच्या आठवणीची प्रार्थना ठेवली. यांच्या भाऊबंदांनाही मी मुद्दाम बोलावलं. रवी उठला आणि निवडीवरच बोलू लागला. बोलता बोलता म्हणाला, "माझ्या आईला वाटतं, बाबांनी मरताना तिचं बोट दाबलं म्हणून ते तारले गेले. पण मरणाऱ्याचं बोट कोणाला तारत नाही. तारतो तो देवाचा निर्णय."

भाऊबंदांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातला एक पुटपुटला, जिवंतपणी जमलं नाही, तर मरता मरता बाटवलं बिचाऱ्याला. विमलबाई माझ्याकडे बघेना.

मग प्रभुभोजन, येशूच्या आठवणीची भाकर आणि प्याला. आमच्यात पहिला प्याला मला देतात, घर माझं म्हणून. रवीनं पुढं केला. मी हात मांडीवरून उचलले नाहीत.

"घे ना, माय."

"ते बोटाचं मी तुले एकट्याले सांगतलं होतं."

तो वाकला, आवाज बारीक केला. "बाबा जलमभर नाहीच म्हणत आले. त्यांच्या मर्जीवर असतं तर काय उरलं असतं, माय? देवाच्या हाती हाये, म्हणून तर मले आशा हाये."

डोळे भरले होते त्याचे, खोटं बोलत नव्हता. पण माझं दुखणं ते नव्हतंच.

"एवढं सांग. चारचौघांत ते तू बोलला, का तेबी जग घडवायच्या आधीच ठरलं होतं?"

ठरलं होतं म्हणाला असता तर त्याच्या शिकवणीत बसलं असतं.

"मीच बोललो, माय. चूक माही हाये."

"तुही ना? मंग त्यांनी दाबलं तेबी त्यांनीच दाबलं."

तो प्याला तसाच धरून उभा राहिला, मग विमलबाईकडे वळला. भाकर मी भाजलेली, द्राक्षाचा रस मी काढलेला, आणि त्या दिवशी सभेतल्यांत तो न घेतलेली मी एकटीच.

सभा मी बंद केली नाही. रविवारी रवी येतो, पहिला प्याला माझ्यापुढं धरतो, थांबतो. मी अजून घेतलेला नाही. घेईन तेव्हा मी घेईन.