दिनविशेषाची खालची जागा

मित्रांनो, मी एक जुना फळा. बाटल्यांच्या कारखान्याच्या फाटकाजवळ, हजेरीच्या खिडकीला लागून टांगलेला. जन्म, बालपण, उमेदीचे दिवस असं क्रमाने सांगायला हवं. पण मला क्रमाने आठवत नाही, तारखेने आठवतं. माझ्यावर रोज दिनविशेष लिहितात, त्यामुळे सगळी वर्षं माझ्यात एकावर एक पडली आहेत. म्हणून एकाच तारखेचं सांगतो.

याच दिवशी सुताराने माझी चौकट ठोकली आणि हजेरीबाबूंनी माझ्यावर पहिली ओळ लिहिली: एका दर्यावर्दीला नवं बेट दिसलं. कामगार थांबून वाचत होते. "बाबू, काय मोत्यासारखं अक्षर!" अक्षर त्यांचं, फुगलो मी.

याच दिवशी, नंतरच्या एका वर्षी, भट्टीचं तोंड फुटलं. तिघे गेले. त्यांना माझ्यासमोरूनच बाहेर नेलं. मी तेव्हा काय सांगत होतो? बेट. आणि कुठल्याशा राजाच्या डोक्यावर चढलेला मुकुट.

याच दिवशी, पुढच्या वर्षी: बेट, मुकुट, एक तह.
त्याच्या पुढच्या वर्षी: बेट, मुकुट, तह.
भट्टी नाही.

तिघांपैकी एकाची मुलगी मोठी होऊन आमच्याकडेच पॅकिंगला लागली. याच दिवशी ती खिडकीशी आली.

"बाबूकाका, आज आमच्या बाबांची तारीख. एक ओळ टाका की."

"पोरी, मालकांची गाडी इथूनच जाते. सकाळी सकाळी असलं काही नको."

"राजे मेलेले चालतात तुम्हाला."

"ते लांबचे असतात गं."

दर वर्षी तिने विचारलं, दर वर्षी बाबू खिडकीत खाली मान घालून कागद चाळत बसले. शरमेने मेलो मी. शब्द त्यांचे असले तरी छाती माझी होती.

मग एका वर्षी तिने विचारलंच नाही. नुसता हात पुढे केला. बाबूंनी थोडा वेळ त्या हाताकडे पाहिलं आणि खडू दिला.

"वर जागा नाही. खाली लिही."

आता खालचं सांगायला हवं. हजेरीच्या रांगेत एक जण होता, त्याला सगळे टेकू म्हणत, कारण तो सरळ उभा राहिलेला कोणी पाहिला नव्हता. तो आणि त्याच्यासारखे कैक जण माझ्या खालच्या भागाला खांदा लावून उभे राहत. तिथला रंग घासून तुळतुळीत झाला होता.

तिने खडू टेकवला. किर्रर्र. अक्षर उमटेना. तिने जोर दिला, खडू मोडला.

"अगं, फळ्याला तेल पाजलंय का?" टेकू म्हणाला. रांग हसली. भोंगा झाला. खडूचे तुकडे खिडकीत ठेवून ती आत गेली.

"काय लिहीत होती ती?" टेकूने विचारलं.

"बापाचं," बाबू म्हणाले.

टेकूने माझ्यावरचा खांदा काढला.

मित्रांनो, मला एकच काम येतं, लिहिलेलं धरून ठेवणं. बेट धरलं, मुकुट धरला. तिच्या बापाला मी धरलं नाही.

संध्याकाळी बाबूंनी कोणाला न विचारता मला उतरवलं, खरवडलं, काळा रंग दिला. टेकू डबा धरून उभा होता, सरळ. रंग लागताना मला बरं वाटलं, आणि त्याचीही लाज वाटली.

सकाळी बाबूंनी लिहिलं ते एवढंच: याच दिवशी आपली भट्टी फुटून आपले तिघे गेले. बाकी सगळा फळा मोकळा.

"बाबू, तारीख चुकली. ती काल झाली," रांगेतून कोणीतरी म्हणालं.

"चुकली नाही. राहिली होती."

रांगेत ती होती. ओळ वाचून तिने पदराने तोंड पुसलं आणि तशीच उभी राहिली. मालकांची गाडी फाटकात हळू झाली, काच खाली आली. बाबूंच्या हाताशी फडकं होतं. त्यांनी ते उचललं नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेतल्या फळ्याला वर्षातून एकदा रंग द्या. आधी खालच्या भागाला. तिथे कोणाला काय लिहायचं असेल, ते आपल्याला ठाऊक नसतं.