मोहनचा परलोकातून निरोप

स्टुटगार्टमध्ये विभावरीवहिनींच्या घरी शनिवारी सकाळी अठरा मराठी माणसं श्वास रोखून बसली होती. त्यातली निम्मी इंजिनिअर, हे सांगतानाही मला लाज वाटते. मृतांशी बोलणं करून देणाऱ्या विलासबुवांनी मोबाइलवरून त्याच घरचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. कोपऱ्यातला फोन पाचदा वाजला. मग सहा महिन्यांपूर्वी वारलेला वहिनींचा नवरा मोहन बोलला, आधी जर्मनमध्ये, मग मराठीत: “मी आत्ता घरी नाही. निरोप ठेवा, नक्की फोन करतो.”

“ऐकलंत? आत्मा सूक्ष्म तरंगांवर आलाय!” बुवांनी डोळे मिटले.

सगळ्यांनी हात जोडले. परलोकात राहूनही मोहनचं जर्मन सुधारलं नव्हतं, याचं कुणालाच नवल वाटलं नाही.

“वहिनी, आन्सरिंग मशीनवरचा जुना आवाज असेल,” मी म्हटलं.

“नाही हो भावजी. मशीन नवं आहे, त्यात माझा आवाज आहे.”

“आणि तुमच्या बायोप्सीचा रिपोर्ट?”

“डॉक्टर फोन करणार होते. तीन आठवडे झाले, फोनच नाही. बुवा म्हणतात, ह्यांनी माझं दुखणं वर नेलं. फक्त रोज मशीनमधले निरोप पुसायचे, म्हणजे अशुभ घरात शिरत नाही.”

माझं डोकंच फिरलं. मी फोनची वायर भिंतीतून उपटली. “लावा आता!”

बुवांनी लावला. थोड्या वेळाने मोहन पुन्हा बोलला.

“बघा! वायरसुद्धा लागत नाही!” बुवा गरजले. लोक माझ्याकडे कीव करून बघू लागले.

तेवढ्यात मोहनची अकरा वर्षांची मुलगी ऊर्जा वैतागून म्हणाली, “आई, दास इस्ट डोख डी मेलबॉक्स! ही तर मेलबॉक्सच आहे, बाबांनी लावलेली.”

मेलबॉक्स म्हणजे निरोप घेणारी सोय टेलिफोन कंपनीकडे असते, घरात नव्हे; मोहनचा आवाज तिथेच राहिला होता. वहिनींच्या मशीनमध्ये निरोप असला की ते दोन रिंगांत फोन उचलतं. रिकामं असलं तर सात रिंगा थांबतं. मेलबॉक्स पाचव्या रिंगेनंतर उचलते. म्हणून तर रोज पुसायचं! मोहन असताना पंधरा दिवस इथे पाहुणचार झोडलेल्या बुवांना ही मेलबॉक्स पक्की ठाऊक होती. तेव्हा त्यांच्याच शिष्यांचे निरोप त्या मेलबॉक्समध्ये येत.

मी वायर जोडून मेलबॉक्सचा नंबर फिरवला. अकरा नवे निरोप. त्यातले चार दवाखान्याचे. “फ्राऊ साठे, रिपोर्ट आलाय, ताबडतोब भेटा.” कालच्या निरोपात सोमवारी आठची वेळ दिली होती.

बुवा बूट शोधू लागले. त्यांना कुणी अडवलं नाही, याचाही मला राग आला.

“ह्यांचा आवाज आता जाईल का हो?” वहिनींनी हळूच विचारलं.

“नाही. मी टेपवर उतरवून देतो. हवा तेव्हा ऐका. पण सोमवारी मी तुम्हाला दवाखान्यात नेणार आहे.”

गेलेल्या माणसाचा आवाज ऐकावासा वाटणं ही अंधश्रद्धा नव्हे. तो आवाज विकणारा लबाड असतो, आणि शिकूनसवरून गप्प बसणारे आपण त्याला साथ देतो. तीन आठवडे डॉक्टर या बाईला हाका मारत होते. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच विचारा, हे होतं कसं? विचारायला उशीर झाला, तर त्याची किंमत बुवा मोजत नाही.